अनुभव धागा: मिशन कॉलेजचं आवार – कौलं, जांभा, पाणी आणि घंटा

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला, म्हणून आवारातल्या इमारतींच्या पावसाआधीच्या निगेचा हा धागा आत्ताच काढतोय. जूनमध्ये काढून उपयोग नाही.

बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं. कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. एकाच कुंपणात चॅपेल, वर्ग, वसतिगृह, मेस, ग्रंथालय आणि सरांची घरं अशी आवारं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ख्रिस्ती विद्यापीठ म्हटलं की याचंच मोठं रूप. बहुतेक ठिकाणी मधोमध जुनी जांभ्याची कौलारू इमारत असते, आणि तिला चिकटून नवी स्लॅबची. दोन्हींची दुखणी वेगळी, औषधं वेगळी. एकीचं औषध दुसरीला दिलं की पावसाळ्यात कळतंच.

जे लोक या इमारतींना रोज हात लावतात त्यांनी लिहावं. ‘आमच्या वेळी’ नको, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत. मापं लिहा, काय बिघडतं आणि का बिघडतं ते लिहा. वर आपलं काम टाका, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल.

कौलांचं काम, खानापूर

शाकारणी एप्रिलअखेर सुरू करून मेच्या मध्याला संपवायची. वळीव गारा घेऊन येतो, आणि उघड्या छपरावर एक सर पडली तरी खालचं माळ्याचं लाकूड महिनाभर ओलं राहतं.

मंगळुरी कौल हे मुळात मिशनच्याच घरचं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला जेप्पूत कारखाना काढला, तिथून ते सगळीकडं गेलं. म्हणून आधी कौल उलटं करा आणि पाठीवरचा छाप वाचा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. बघायला सारखी दिसतात, पण जोडात फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून आत येतो. वेगळ्या छापाची कौलं वापरायचीच असली तर अख्खा एक पाखा (छपराची एक उतरती बाजू) त्याच छापाचा करा, मधेमधे ठिगळं नकोत. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. एकूण संख्येच्या पाच टक्के त्याच छापाची कौलं कायम साठ्यात ठेवा, उभी रचून, आडवी नाही. जवळपास कुणाचं जुनं घर पाडत असतील तर आधी कौलांची चौकशी करा.

नवीन कौल घेताना बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर चीर आहे किंवा भाजणी कच्ची आहे. त्यातली पाच-सहा कोरडी तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोच्या वर पाणी प्यालं तर गाडी परत पाठवा.

रीपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका. दहा कौलं जमिनीवर एकात एक बसवून पहिल्याच्या खालच्या टोकापासून दहाव्याच्या खालच्या टोकापर्यंत पूर्ण ताणून मोजा, मग पूर्ण दाबून मोजा, दोन्हींच्या मधलं माप धरा आणि नऊनं भागा. सव्वा फुटाच्या आत काहीतरी येतं. वळचणीच्या खालच्या दोन ओळी तारेनं बांधायच्याच. कौलाच्या नाकाला भोक त्यासाठीच असतं. वारा छपराला कडेकडून उचलतो, मधून नाही.

गळतीचं खरं ठिकाण म्हणजे दोन छपरं मिळतात ती खाच, म्हणजे चॅपेलचा मुख्य पाखा आणि बाजूच्या खोलीचा पाखा यांच्यामधली. तिथला पत्रा दोन फुटांपेक्षा अरुंद नको. वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढलेला असावा. गुलमोहराचा पाला बारीक, तो तिथं चिखलासारखा बसतो. झाड तोडा म्हणत नाही, पण जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ती खाच हातानं साफ झाली पाहिजे.

चालायचं ते कौलाच्या खालच्या टोकावर, जिथं खाली रीप असते. मधोमध पाय दिला की गेलं. त्यापेक्षा आडवी शिडी टाका. शेवाळ काढायला कडक कुंचला आणि पाणी एवढंच. ॲसिड नाही, जेटचं मशीन नाही. जेटनं कौलाची वरची भाजलेली कात निघते, आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट येतं.

माकडांवर उपाय नाही. जाळी टाकली तर जाळीत पाला साठतो. साठ्यातली पाच टक्के कौलं मुख्यतः त्यांच्यासाठीच असतात असं समजा.

गवंडीकाम, बेळगाव तालुका

मेस्त्रींनी छपराचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. पण त्याच्या अंगात भोकं असतात, तो पाणी पितो आणि पुन्हा सोडतो. चुन्याचा दर्जा (चिऱ्यांच्या सांध्यातला भरणा) त्याला सोडू देतो. सिमेंटचा दर्जा भरला, वर सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर प्लास्टिक रंग दिला की पाणी आत कोंडतं. मग रंगाला फुगे येतात, गिलावा पोकळ वाजतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जांभ्याचा पुढचा भाग भुसा होऊन गिलाव्याबरोबरच सुटून येतो.

दुरुस्ती अशी. जुना दर्जा इंचभर खोल खरवडायचा, छिन्नीनं, ग्राइंडरनं नाही. ग्राइंडर चिऱ्याची कड खातो. धूळ झाडून पाणी मारायचं. बागलकोट बाजूचा कळीचा चुना भिजवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवायचा, जास्त मुरला तर अजून चांगलं. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. पावसाची बाजू असेल तर वाळूतला एक भाग कमी करून सुरखी (विटांची भुकटी) घालायची, पाण्यात तग धरतो. दाबून भरायचं, आणि आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत धरत नाही, म्हणून हे काम मेच्या आत आवरायचं. ठेकेदार ‘थोडं सिमेंट टाकतो, लवकर होईल’ म्हणतो. नको म्हणा.

सिव्हिल, टिळकवाडी

वरच्या गवंडी अण्णांशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के असे: जोत्याच्या खालचे दोन थर आणि संडासाची भिंत इथं चुना टिकत नाही, सतत ओल आणि साबण. तिथं पातळ सिमेंट चालेल, पण बाहेरची बाजू उघडी ठेवून. दोन्ही बाजूंनी कोंडू नका.

आणखी एक जागा सगळे विसरतात, वाशाचं भिंतीतलं टोक. बाहेरून वासा ठणठणीत दिसतो, आतलं टोक कुजलेलं असतं. हातोडीनं ठोका आणि पेचकस टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक गेलं. दुरुस्ती करताना नव्या टोकाभोवती तिन्ही बाजूंनी इंचभर हवा ठेवायची, सिमेंट ठासून भरायचं नाही. आणि जुन्या हॉलला फॉल्स सीलिंग करणार असाल तर दोन बाय दोन फुटांचं झाकण निदान दोन ठिकाणी ठेवा. नाहीतर वर गळती चालू आहे हे सीलिंग खाली आल्यावरच कळतं. शिवाय वटवाघळं.

नव्या स्लॅबच्या इमारतीला कौलारू इमारतीची वळचण टेकवू नका. टेकली की पागोळ्यांचं सगळं पाणी नव्या भिंतीच्या मुळाशी पडतं, आणि दोन्ही इमारती एकमेकींना ओल देतात. मधे तीन फूट गल्ली आणि तिला उतार असलेलं गटार एवढं पुरतं.

चॅपेल, आवाज आणि बाकडी

आपल्या भागात एक गंमत आहे. जुन्या रिवाजानं चर्चची वेदी पूर्वेला आणि मोठं दार पश्चिमेला असतं. आपला पाऊस पश्चिमेकडूनच मारतो. म्हणजे सगळ्यात मोठं लाकडी दार नेमकं पावसाच्या तोंडी. म्हणून पुढचा पोर्च हा शोभेचा भाग नाही. तो काढून ‘मोकळं’ करायची टूम निघते तेव्हा विरोध करा. दाराच्या खालच्या फळीला आत-बाहेर दोन्हीकडून आणि मुख्य म्हणजे खालच्या कडेला तेल पाजा. खालची कड कुणी रंगवत नाही, पाणी तिथूनच चढतं.

आवाजाचं. उंच छप्पर, फरशी, उघड्या भिंती. गाणं छान लागतं, प्रवचनाचा मात्र शब्द फुटत नाही. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. शेपूट दीड-दोन सेकंद ऐकू आलं तर समूहगानाला उत्तम, बोलण्याला एक सेकंदाच्या आसपास बरं. यावर मोठे डबे आणून आवाज वाढवणं हा उलटा उपाय. वाढतो तो घुमारा. उभे, अरुंद कॉलम स्पीकर घ्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर लावा आणि तोंड लोकांकडे झुकवा, छपराकडे नाही. मिक्सरवर १५० हर्ट्‌झच्या खालचं कापा. मागच्या रांगांसाठी वेगळा जोड लावला तर त्याला उशीर द्यावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. पुढच्या स्पीकरपासून मागचा १८ मीटरवर असेल तर ५२ मिलिसेकंद, वर आणखी दहा-पंधरा. एवढं केलं की आवाज पाठीमागून नाही, वेदीकडून आल्यासारखा वाटतो.

बाकाची बैठक १७-१८ इंच उंच, माणशी १८ ते २० इंच, आणि एका बाकाच्या पाठीपासून पुढच्या बाकाच्या पाठीपर्यंत निदान ३४ इंच. गुडघे टेकायची फळी असेल तर आणखी सोडा. पाय थेट फरशीवर नकोत. खाली कडाप्प्याचा तुकडा किंवा लोखंडी बूट, म्हणजे पुसण्याचं पाणी लाकडात चढत नाही आणि वाळवीची माती लगेच दिसते.

हार्मोनियम पावसाळ्यात खिडकीशी ठेवू नका. एवढंच.

पाणी आणि नळ, शहापूर

आधी हिशेब. वसतिगृहाला माणशी रोज १३५ लिटर धरतात, फक्त दिवसाच्या विद्यार्थ्याला ४५. वसतिगृहात ३०० मुलं म्हणजे ४०,५०० लिटर. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून निदान दोन दिवसांचा साठा, ८०,००० च्या वर, आणि त्यातला मोठा वाटा जमिनीखाली. सगळं गच्चीवर चढवू नका; हजार लिटर म्हणजे एक टन, आणि जुन्या इमारतीच्या डोक्यावर तर अजिबात नको.

पावसाचं पाणी सगळ्यांना हवं असतं, आकडेमोड कुणाला नको. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. चॅपेलचं छप्पर ३० बाय १२ मीटर असेल (वळचणीसकट, पण जमिनीवरची सावली मोजायची, पाख्याची तिरपी लांबी नाही) तर ३६० चौरस मीटर. बेळगावात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस, कौलाला दहातले आठ भाग हाती लागतात. झाले पावणेचार लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं ना? वर दिलेल्या वसतिगृहाला नऊ दिवस पुरतं. म्हणून एका छपराच्या जोरावर टँकर बंद करायची स्वप्नं बघू नका. एक टाकी मेससाठी भरा आणि उरलेलं विहिरीच्या भोवती जमिनीत मुरवा. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस याहून बराच जास्त, अथणीकडे निम्म्याच्या आसपास, तेव्हा आपापला आकडा घ्या.

आता चुकतं कुठं. पहिला पाऊस वाहून घालवायचा, त्यात धूळ, पाला, पक्ष्यांची घाण असते. त्यासाठी चार इंची उभा पाइप लावून खाली झाकण बसवतात आणि काम झालं म्हणतात. चार इंची पाइपात मीटरला आठच लिटर मावतं. ३६० चौरस मीटरचा फक्त पहिला एक मिलिमीटर घालवायचा तरी ३६० लिटर, म्हणजे ४५ मीटर पाइप! दोनशे लिटरची दोन पिंपं जोडा, तळाला छोटी चावी, ती कायम थेंबथेंब गळती ठेवायची, म्हणजे दोन पावसांमध्ये पिंपं आपोआप रिकामी होतात.

पन्हळीला दर तीन मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार हवा. तीस मीटर लांबीच्या एका बाजूला एकच उतारपाइप दिला तर वळवाच्या सरीत पन्हळ भरून भिंतीकडच्या कडेवरून पाणी सांडतं. भिंत ओली का, याचं उत्तर निम्म्या वेळा हेच असतं. एका बाजूला चार पाइप द्या, चार इंची. आणि पन्हळीची भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा अर्धा इंच उंच ठेवा. तुंबलीच तर पाणी बाहेर सांडेल.

शोषखड्डा. जांभ्यात पाणी भराभर मुरतं, म्हणून सगळे खूश असतात. पण तितक्याच भराभर ते विहिरीकडंही जातं. अंतर निदान १५ मीटर, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला. ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा शोषखड्डा घेईनासा होतो आणि तळमजल्याचा संडास उलटतो. हे मैला साचल्यामुळे नाही, म्हणून गाडी बोलावून टाकी उपसली तरी चार दिवसांत परत तेच. खड्डा उंच जागी हलवणं किंवा लांब उथळ चर काढणं हाच उपाय. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची, आणि वसतिगृहात ॲसिड ओतणं बंद करायचं. टाकीतले जिवाणू मेले की ती नुसती साठवण उरते.

मेस, निपाणी

गॅसचं लिहिते. दोनशे मुलांच्या मेसला एका वेळी माणशी १०० ग्रॅम धरून २० किलो तांदूळ, आणि माणशी चार चपात्या, चपातीला ३० ग्रॅमप्रमाणे २४ किलो पीठ. भट्ट्या सगळ्या एकदम पेटतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १९ किलोच्या टाकीवर पांढरं दव, मग बर्फ चढतो आणि ज्योत बसते. टाकीत गॅस असतो, पण तो द्रवाचा वायू व्हायला ऊब लागते आणि थंडीत ती पुरत नाही. लोक टाकी आडवी करतात, हलवतात, गरम पाण्यात ठेवतात. यातलं काहीच करायचं नाही. आडव्या टाकीतून द्रव गॅस नळीत येतो आणि भट्टीशी भडका उडतो. उपाय म्हणजे जास्त टाक्या एकाच वेळी जोडणं. दोनाऐवजी चार चालू, चार राखीव. प्रत्येकीवर ओढ कमी पडते.

टाक्यांची खोली बाहेर, जमिनीच्या पातळीवर, जाळीची झडप खालच्या अंगाला. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. वर ठेवलेला झरोका त्याच्या काही कामाचा नाही. जवळ गटाराचं तोंड किंवा तळघराची पायरी नको. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती संपली की बदला, नळी चांगली दिसते की नाही हे बघत बसू नका. गळती साबणाच्या फेसानं तपासायची.

धुण्याच्या मोरीपुढं तेल अडवायची टाकी हवी आणि ती दर शनिवारी उपसायची. नाहीतर तेच तेल वरच्या काकांच्या शोषखड्ड्यात जाऊन बसतं.

वायरमन

मनोऱ्यावरचा क्रूस हा आवारातला सगळ्यात उंच बिंदू आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं विजा जोरात. क्रूस लोखंडी असेल तर तोच वीजरोधकाला जोडा, वेगळा टोकदार दांडा त्याच्यापेक्षा बुटका लावून उपयोग नाही. २५ बाय ३ मिलिमीटरची पट्टी, सरळ खाली, काटकोनात वळवू नका. वीज कोपरा सोडून भिंतीत उडी मारते. तांबं आणि लोखंड थेट एकमेकांवर आवळलं की तिथं गंज धरतो. बाहेरून जोड दिसतो, आतून तुटलेला असतो. अर्थिंगचा रोध दहा ओहमच्या खाली हवा. पावसाळ्यात मोजला तर कुणाचाही खाली येतो. मोजायचा तो मार्च-एप्रिलमध्ये, जांभ्याची जमीन तापून कोरडी पडलेली असताना, आणि विजाही तेव्हाच पडतात. जास्त आला तर दुसरा खड्डा खणा, पहिल्या सळईच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, आणि दोन्ही जोडा. घंटेची लोखंडी चौकटही त्याच पट्टीला जोडायची.

ग्रंथालय

मिशनच्या ग्रंथालयांत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) मिशन छापखान्यातली जुनी मराठी छपाई, मोडी खिळ्यांचीसुद्धा, सापडू शकते. आणि ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले, तेव्हा त्यांची पुस्तकं तरी इथं हवीतच. हा कागद पावसाळ्यात जातो तो बुरशीनं. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढं, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर, काचेच्या दारांना मागं भोकं. बाहेर मुसळधार असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडू नका, ती हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप पडली की दुपारी उघडा. बुरशी आलेलं पुस्तक उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली, पानं पंख्यासारखी उघडून. पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशनं बाहेर झाडा. ओल्यावर पुसलं तर डाग कागदात जातो. डिंकाची आणि चिकटपट्टीची दुरुस्ती कुणी करत असेल तर हात धरा.

रॅम्प आणि पाट्या

रॅम्प एकाला बारा. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर ५.४ मीटर लांबी, रुंदी १.२ मीटर. जागा नाही म्हणून एकाला सहा केलेले रॅम्प हे हातगाडीसाठी असतात, माणसासाठी नाहीत. पावसाच्या बाजूला गुळगुळीत ग्रॅनाइट लावलेला दिसला की वाईट वाटतं.

पाट्यांचं थोडक्यात: कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनं ६० टक्के जागा कन्नडला, तीही वर. मराठी आणि इंग्रजी दोन्ही खाली घ्यायच्या तर पाटीची उंची आधीच वाढवून घ्या. नंतर मराठी इतकी बारीक होते की दारापाशी जाऊन वाचावी लागते.

घंटा

वायरमननी चौकट म्हटलं म्हणून. ओतीव घंटा काशाची असते, सुमारे ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. आवाज गोड, पण धातू ठिसूळ. तिला चीर पडते ती बहुतेक वेळा या सवयीनं: दोर थेट लोलकाला बांधून ओढायचा. लोलक घंटेवर आपटून तिथंच दाबला जातो, घंटेला थरथरायला मोकळीक मिळत नाही. दोर चाकाला किंवा दांड्याला हवा, म्हणजे घंटा हलते आणि लोलक मारून लगेच सुटतो. दरवर्षी शाकारणीबरोबर वरचे बोल्ट आवळा. लोलक ज्या जागी मारतो तिथं खळगा दिसायला लागला की घंटा पाव फेरा फिरवून टांगा, नवीन जागा मिळते. चीर पडलीच तर वेल्डिंग करू नका.

(धागा काढणारा) दोर कुठला, नायलॉन चालेल का?

घंटा

नको. नायलॉन ताणतो, ठोका कधी पडेल याचा अंदाज येत नाही आणि हात भाजतो. सुती किंवा तागाचा, पाऊण इंची. पावसाळ्यात तो आखडतो, वीतभर ढील ठेवून बांधा. आणि खालचं टोक भिंतीतल्या खुंटीवर उंच अडकवा, वसतिगृहाच्या पोरांचा हात पोचणार नाही इतकं.